हातभर खालची ओल

नीलिमाने गिरमिटाचा दांडा पिळत वर ओढला आणि त्याच्या पोटातली माती तळहातावर पाडली. वरची वीतभर काळपट निघाली. ती तशीच हवी होती. त्याच भोकात तिने पुन्हा गिरमिट घातलं, हातभर खोल नेलं आणि वर काढलं. आता आली ती नुसती पांढरी, नदीची रेती. तिने मूठ आवळून उघडली. रेतीचा लाडू झाला होता आणि तो फुटायचं नाव घेत नव्हता.

"छी," ती म्हणाली.

ओल्या रेतीची किळस कुणाला येत नाही. तिला आली. टरबुजाच्या वेलांत उकिडवी बसून ती त्या लाडवाकडे बघत राहिली. तोंडाला पाणी सुटलं, तेही ओकारीचं. तिने हात झटकला तरी रेती बोटांना चिकटून राहिली.

गेले तीन उन्हाळे तिने या जमिनीवर काढले होते. शहपुऱ्यापासून आत, नर्मदेच्या काठची ही जमीन म्हणजे चाळण. वरून पाणी ओतावं आणि खाली जाताना बघावं. एका पट्टीत तिने वीतभर खोलीपर्यंत तळ्याचा गाळ, शेणखत आणि तुराट्यांच्या कोळशाचा चुरा मिसळला होता. ही काळी पट्टी. शेजारची तशीच ठेवलेली ती पांढरी. पांढरीला गावात देतात तेवढं पूर्ण पाणी, काळीला त्याच्या निम्मं. गाळ आणि कोळसा पाणी धरून ठेवतील, मुळं वरच्या वर पितील आणि खालची रेती कोरडी ठणठणीत राहील, असा तिचा हिशेब होता. हातभर खाली ओल सापडली याचा अर्थ एकच होता. वरचा थर पोट फुटेस्तोवर प्यायला होता आणि उरलेलं खाली सांडलं होतं. कुणीतरी काळ्या पट्टीला चोरून पाणी पाजत होतं.

"टिकाराम!"

टिकाराम पंपाच्या खोपटातून डोळे चोळत आला. कृषी संशोधन केंद्राने रोजावर ठेवलेला हा गावचाच माणूस. पंप चालू करणं आणि बंद करणं एवढंच त्याचं काम, आणि त्यातही बंद करण्याकडे त्याचा ओढा अधिक.

"यहाँ पानी किसने दिया?"

"मीटर देख लो, दीदी. जितना आपने बोला, उतनाच."

मीटर तिने आधीच बघितलं होतं. मीटर साधूसारखं निर्मळ होतं. पण नळी मीटरच्या आधीच काढून घेता येते, हे न कळायला ती काही कालची आली नव्हती.

"तो फिर नर्मदा मैया खुद चढ़के आई क्या?"

"हमने नहीं दिया, दीदी."

"किसने दिया फिर?"

टिकारामने एकदा रखवालीच्या झोपडीकडे बघितलं, एकदा आभाळाकडे आणि मग पायाच्या अंगठ्याने रेती उकरत उभा राहिला. कुंपणच शेत खातं, ते असं. नीलिमाने हात पुढे केला. त्याने कमरेची किल्ली सोडून निमूट तिच्या हातावर ठेवली. एवढ्या सहज ठेवली की तिला जास्तच संताप आला. निदान भांडायचं तरी.

झोपडीत बाबा नव्हते. ते शहपुऱ्याच्या बाजारात गेले होते. आई गेल्यापासून शहरातलं, गोरखपूर मोहल्ल्यातलं घर त्यांना खायला उठत होतं. टरबुजं धरू लागली आणि कोल्ह्यांचा त्रास सुरू झाला तेव्हा ते आपणहून म्हणाले, मी राहतो तिथं, मले तरी काय काम आहे. बाबांनी, म्हणजे गुणवंतरावांनी, उभी हयात तोफांच्या कारखान्यात घालवली होती. निवृत्त झाल्यावरही शर्टाची वरची गुंडी लावल्याशिवाय ते दारात येत नसत. ते इथे असताना, त्यांच्या नाकाखालून हे घडावं याचं तिला फार वाईट वाटलं. त्यांना कळलं तर केवढं लागेल, हेही मनात आलं.

जीपकडे जाताना बांधावर सुमनबाई उभी होती. शेजारची जमीन तिची. तशीच रेताड आणि तशीच तहानेली.

"बिटिया, पक्का है ना? आधे पानी में हो जाएगा?"

"क्यों?"

"जेठ को बोल दिया हमने. अगली गरमी से हमारी आधी पारी तुम ले लो."

इथे पाण्याची पाळी एकदा दुसऱ्याच्या हातात गेली की परत येत नाही, हे तीन उन्हाळ्यांत नीलिमानेही पाहिलं होतं. भावाभावांची तोंडं त्यावरून बंद होती. सुमनबाई हसत होती. जेठाला, थोरल्या दिराला, काही देता आलं याचाच तिला आनंद झालेला दिसत होता.

"मेले में आना," नीलिमा म्हणाली. "वहीं बताऊँगी."

तिचे वरिष्ठ आल्हाद सर केंद्रात आपल्या खोलीत चहा घेत होते. चहावर साय धरली होती. ती त्यांनी बोटाने उचलली, टेबलाच्या कडेला पुसली आणि मग वर बघितलं. समोर शेतकरी मेळाव्याच्या कापडी फलकाचा नमुना पसरला होता. त्यावर टरबुजापेक्षा सरांचा फोटो मोठा होता.

"सर, काळ्या पट्टीत खाली ओल आहे. कुणीतरी वरून पाणी घातलंय."

"अच्छा. फळं कशी आहेत?"

"मी पाण्याचं बोलून राहिले, सर."

"आणि मी फळांचं. परवा मी जाऊन आलो ना. काय फळं आहेत! एकेक उचलवत नाही."

"तुम्ही टिकारामला काही सांगितलं होतं?"

सर हसले. त्या हसण्यात खोट नव्हती. "मी? अगं, तिथला पंप कुठे आहे हेही मला माहीत नाही. पण ज्याने केलं ना, त्याला माझ्यातर्फे एक चहा पाज."

तिने त्यांच्यावर विश्वास ठेवला आणि तेच तिला सर्वांत घाण वाटलं. त्यांनी काही केलं असतं तर निदान भांडता आलं असतं. त्यांनी काहीच केलं नव्हतं. दुसऱ्याने केलेलं आयतं पानात पडलं होतं आणि ते बोटं चाटत होते.

"मग या हंगामाचे आकडे धरता येणार नाहीत."

"मीटर काय म्हणतं?"

"निम्मं."

"मग निम्मं. मीटर खोटं बोलतं का?"

"लोक ते ऐकून आपलं पाणी निम्मं करतील, सर. आमच्या शेजारच्या बाईनं तर पाळी सोडली."

"लोक काही करत नाहीत, नीलिमा. जेवतात, टोपी घेतात, घरी जातात." त्यांनी चहाचा घोट घेतला. वरच्या ओठाला सायीचा तुकडा चिकटला आणि बोलताना हलत राहिला. "हे बघ, तुझा फॉर्म्युला चांगला आहे. खरंच चांगला आहे. थोडं पाणी जास्त झालं असेल. पुढच्या वर्षी कमी होईल. चलो."

"टिकारामला काढा मग."

"काढू ना. मेळावा झाला की संध्याकाळी काढू. जेवण वाढायला माणूस लागेल."

तिला हवं ते मिळालं होतं. बाहेर येऊन तिने नळाखाली हात धरले. सायीला हात तर तिने लावलाही नव्हता. पाण्याने तो चिकटपणा जाईना. पंपाची किल्ली आता तिच्या पर्समध्ये होती आणि मनाला तेवढाच आधार होता.

मेळाव्याच्या सकाळी नदीकाठी मांडव पडला. खुर्च्यांना पांढरी कापडं आणि त्यावर लाल फिती बांधल्या होत्या, लग्नात असतात तशा. ध्वनिक्षेपकावरून कुणीतरी "हॅलो, हॅलो" करत सगळ्या काठाचे कान किटवत होतं. पाहुणे गाड्यांतून उतरले. चपलांत रेती जाते म्हणून दोघांनी गाडीपासून मांडवापर्यंत सतरंजी टाकायला लावली. रेताड जमिनीचं कल्याण करायला आलेल्या माणसांना रेतीच नको होती. हार झाले, शाली झाल्या. शेतकरी मागे बसले होते, डोक्यावर नव्या टोप्या घालून, आणि त्या टोप्यांवरही सरांचं नाव होतं.

नीलिमा पहाटेच आली होती. येताच ती काळ्या पट्टीत शिरली आणि गिरमिट घातलं. किल्ली तिच्याकडे, पंप बंद. तरी हातभर खालची रेती ओली होती, परवापेक्षाही ओली. ती गिरमिट हातात घेऊन उभी राहिली. किल्ली दुसरी केली असेल, तिने ठरवलं. असल्या माणसांकडे दुसरी किल्ली असतेच.

पाहुण्यांना पट्ट्या दाखवल्या गेल्या. पांढऱ्या पट्टीत फळं लहान, वेल अंग चोरून पडलेले. काळ्या पट्टीत एकेक टरबूज तान्ह्या रेडकाएवढं. मोबाइल निघाले, फोटो झाले. मग सरांनी स्वतः सुरी घेतली आणि टरबूज कापलं. सुरी टेकते न टेकते तोच ते कराकरा तडकलं. आत रंग होता, पण पाणचट, धुतलेल्या फडक्यासारखा. माश्या लगेच आल्या.

"व्वा!" एक पाहुणे म्हणाले आणि हनुवटीवरून ओघळणारा रस मनगटाने पुसला. "शहद है, शहद!"

नीलिमाने एक फोड तोंडात घातली. चव नव्हतीच. पाणी पिऊन पिऊन फुगलेलं फळ, त्यात गोडी राहणार कुठून? मागे सुमनबाईनेही फोड घेतली होती. ती सावकाश चावत होती, थांबत होती, पुन्हा चावत होती. शेवटी तिने बाजूला वळून चोथा थुंकला आणि पदराने तोंड पुसलं. पाहुणे दुसरी फोड घेत होते. सगळ्यांना ते फिकं लागलं होतं आणि सगळे माना डोलावत होते. नीलिमाला वाटलं, इथेच, या सतरंजीवर, सगळं ओकून टाकावं.

ती झोपडीच्या सावलीत आली. बाबा तिथे उभे होते. इस्त्रीचा शर्ट, वरची गुंडी लावलेली, भांग पाडलेला. चेहरा आनंदाने फुलला होता.

"पाहिलं का नीलू? सायबानं तीन तीन फोडी खाल्ल्या."

"पाहिलं." तिला त्यांच्याकडे बघवेना. "बाबा, टिकारामला आज काढून राहिले. तुम्हाला ठाऊक असलेलं बरं."

"काहून?"

"त्यानं काळ्या पट्टीत चोरून पाणी घातलं. तुम्ही इथं असताना. तुम्ही झोपले की करत असेल."

बाबा गोंधळले. मग हसले.

"टिकारामनं? तो तर बादली उचलत नाही, पाणी कुठं घालते! माझ्यापाशी येऊन बिडी ओढत बसते. त्याले काहून काढता? मीच घातलं ना."

मांडवातून टाळ्या ऐकू आल्या. कुणाचं तरी भाषण संपलं होतं.

"तुम्ही?"

"मंग काय. नदीच्या रेतीत झिरा खणला, त्यातून. पंपाचं घेतलं नाही, तुझं मीटर बिघडलं असतं. कावड केली मी बांबूची. दिवस कलला की सुरू करायचो. परवा बाजाराच्या दिवशी तेवढं राहिलं, तर काल डबल घातलं." त्यांनी आवाज खाली आणला, घरातली गोष्ट सांगावी तसा. "आमच्या शॉपमध्ये इन्स्पेक्शनचा पीस कधी ढिगातून नाही उचलत, नीलू. तो वेगळा काढायचा. घासायचा, तेल लावायचं, पुन्हा पुन्हा मोजायचा. दिल्लीचा माणूस येणार, त्याच्यासमोर आपला पीस फेल होते का? एकदा नाही झाला माझा. छत्तीस वर्षं."

"बाबा, काळीला निम्मंच पाणी द्यायचं होतं. तीच तर परीक्षा होती."

"तेच तर. पांढरीले पोटभर, अन् माझ्या पोरीच्या पट्टीले अर्धं?" त्यांनी मान हलवली. "हे बरोबर नाही वाटलं मले. इतकी मेहनत केली तू. तो पीस उपाशी कसा ठेवू?"

शर्टाच्या कापडाखालून त्यांच्या डाव्या खांद्यावर एक गाठ वर आलेली दिसत होती. कावडीची. सत्तरी उलटलेला माणूस, नदीच्या उतारावरून, रेतीत घोट्यापर्यंत पाय रुतवत. तिला त्यांचा हात धरावासा वाटला. आणि त्याच वेळी आतून शिसारी आली, परवा गिरमिट वर काढताना आली होती तीच, तितकीच. ती आता कुणावर फेकायची ते तिला कळेना. सरांवर फेकली होती ती परत आली होती, टिकारामवर फेकली होती ती परत आली होती. वडिलांची किळस येते असं कुणी म्हणत नाही. तिला येत होती आणि त्याने तिचे डोळे भरून आले.

बाबांना ते डोळे दिसले. त्यांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला.

"रडते काहून? पास झाली ना."

"नीलिमाजी!" ध्वनिक्षेपक ओरडला. "जिनकी मेहनत से ये चमत्कार हुआ है..."

ती मांडवात गेली ती कुणाच्या पायांनी गेली कुणास ठाऊक. सरांनी माइक तिच्या हातात दिला आणि कानाशी म्हणाले, "दोनच मिनिटं. आकडे सांग, आभार मान. जेवणं थांबलीत." त्यांच्या श्वासाला टरबुजाचा आणि तंबाखूचा वास होता. समोर पाहुणे, त्यांच्या बोटांवर माश्या. त्यांच्यामागे टोप्या. सुमनबाई दुसऱ्या रांगेत आली होती, आणि तिच्या शेजारी एक उंच, पांढऱ्या मिशांचा माणूस बसला होता. जेठ असणार. मांडवाच्या खांबाला टेकून टिकाराम पत्रावळींचा गठ्ठा धरून उभा होता. बाबा मागून आले आणि शेवटच्या रांगेत, कडेच्या खुर्चीवर, ताठ बसले.

"ये जो काली पट्टी है," ती म्हणाली. "इसका फल देखकर अपना पानी मत घटाना. इसमें आधा पानी नहीं पड़ा. ज़्यादा पड़ा है. कितना, मुझे नहीं मालूम."

सर खुर्चीतून अर्धे उठले आणि तसेच राहिले, ना धड बसलेले ना उभे. एका पाहुण्याने हातातली फोड खुर्चीखाली ठेवली.

"मतलब आधे में नहीं होता?" सुमनबाईने बसल्या जागेवरून विचारलं.

"हो सकता है. नहीं भी. अभी नहीं मालूम, बाई. अपनी पारी मत छोड़ो."

सुमनबाईने जेठाकडे बघितलं नाही. जेठाने मात्र तिच्याकडे बघितलं आणि मग टोपी काढून मांडीवर ठेवली.

"किसने दिया पानी?" मागून कुणीतरी ओरडलं. "नाम बताओ!"

"हाँ, नाम बताइए," सर चटकन म्हणाले. ते आता पुरते उभे राहिले होते आणि त्यांची नजर खांबाकडे गेली होती. सगळ्यांच्या नजरा त्यांच्यामागून गेल्या. टिकारामने पत्रावळी छातीशी धरल्या. तो नीलिमाकडे बघत नव्हता. शेवटच्या रांगेकडेही बघत नव्हता. तो जमिनीकडे बघत होता.

माइक घामाने तिच्या हातातून निसटत होता. तिने तो दोन्ही हातांनी धरला.

"पानी मेरे पिताजी ने दिया," ती म्हणाली. "श्री गुणवंतराव मेश्राम."

सगळ्या माना मागे वळल्या. गुणवंतराव आधी बावरले. मांडवात, एवढ्या लोकांत, साहेबांसमोर त्यांचं नाव पुकारलं गेलं होतं. त्यांनी गुंडीवरून हात फिरवला, खुर्चीच्या पाठीला धरून उठले आणि ताठ उभे राहिले. मग त्यांनी दोन्ही हात जोडले आणि उजवीकडे, डावीकडे, मान लववून सगळ्यांना नमस्कार केला.

पुढच्या रांगेतल्या एका पाहुण्याने, काही न कळून, टाळ्या वाजवायला सुरुवात केली.

गुणवंतराव हात जोडून उभेच होते.